ढोलकाच्या जोडीला सॅक्सोफोन

लग्नाची वरात असो वा गणेशविसर्जनाची मिरवणूक. बँडवाल्यांनी ‘अलबेला’चे गाणे धरले की पाय आपोआप थिरकू लागतात. हा ठेका आपल्या मातीतला की सातासमुद्रापलीकडचा, असा प्रश्न नाचणाऱ्याला पडत नाही. संगीतकार सी. रामचंद्र यांच्या कर्तृत्वाचे सारे मर्म त्यातच आहे.

रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म १२ जानेवारी १९१८चा, तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांब्याचा. शंकरराव सप्रे व विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे त्यांनी शास्त्रीय गायनाचे धडे घेतले. ‘नागानंद’ चित्रपटात नायक म्हणून नशीब आजमावले. पण ते साथ देईना. मग सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये हार्मोनियमची साथ केली. दोन तमिळ चित्रपटांना संगीत दिल्यावर भगवान पालव ऊर्फ मास्टर भगवान यांच्या ‘सुखी जीवन’ने १९४२मध्ये त्यांचे नाव झाले.

मुंबईच्या बड्या हॉटेलांत तेव्हा अमेरिकी स्विंग जाझची चलती होती. ते वाजवणारे अनेक वादक गोव्याचे. चर्चच्या शाळांत त्यांना पाश्चात्त्य स्वरलेखन अवगत झाले होते. त्यांपैकी हळदोण्याचे अँतोनियो झेवियर वाझ म्हणजेच ताजमहाल हॉटेल गाजवणारे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट. संगीतकाराने चाल गाऊन दाखवायची, संयोजकाने ती कागदावर उतरवून ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन यांना वाटून द्यायची; ढोलकवाला मात्र कानाने ऐकून ठेका धरायचा. या दोन पद्धती एकाच ध्वनिमुद्रणात नांदवण्याचे काम सी. रामचंद्र यांनी केले.

१९४७च्या ‘शहनाई’तील रविवारच्या भेटीच्या गाण्यात गिटार, माउथ ऑर्गन आणि शीळही आली. १९४९च्या ‘पतंगा’त रंगूनहून टेलिफोन आला. १९५१च्या ‘अलबेला’त बोंगो, ओबो आणि ट्रम्पेटच्या साथीने भगवान-गीता बाली नाचले, तर चिक चॉकलेट स्वतः पडद्यावर झळकले. भगवान यांच्या सोप्या, डुलत्या पदन्यासामुळे ही गाणी चाळीतल्या पोरालाही नाचता आली. त्याच चित्रपटात लताबाईंच्या आवाजातील शांत अंगाईही आहे, हे विसरता येत नाही. १९५७च्या ‘आशा’मध्ये ‘इना मीना डिका’ आले. सहायक जॉन गोम्स यांनी त्यात कोकणी शब्दांची भर घातली, असे सांगतात.

अशा ‘पाश्चात्त्य’ चालींवर नाके मुरडणारेही होते. बा. वि. केसकर नभोवाणीमंत्री असताना १९५२पासून आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. या आक्षेपांना सी. रामचंद्र यांचे उत्तर त्यांच्या गाण्यांतच होते. १९५३च्या ‘अनारकली’त रागदारीचा वारसा होता, १९५९च्या ‘नवरंग’मधील होळीचे नृत्यगीत तर अस्सल देशी. चिनी आक्रमणानंतर २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत लताबाईंनी गायिलेले, कवी प्रदीप यांचे हुतात्मा जवानांवरील गीतही त्यांनीच स्वरबद्ध केले होते. जाझ त्यांनी उसने आणले खरे; पण चालीचा कणा मात्र आपलाच ठेवला.

पुढे हिंदीत त्यांची कामे कमी होत गेली. १९७०मध्ये मराठीत ‘घरकुल’ची गाणी गाजली. ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे आत्मचरित्रही त्यांनी लिहिले. ५ जानेवारी १९८२ रोजी, चौसष्टाव्या वाढदिवसाला आठवडा असताना, मुंबईत त्यांचे निधन झाले. चिक चॉकलेट १९६७मध्येच गेले होते.

संगीतकाराचे नाव उरले. त्या चालींत प्राण फुंकणाऱ्या गोमंतकीय वादकांपैकी बहुतेकांना मात्र श्रेयनामावलीत जागा मिळाली नाही. वरातीत ‘अलबेला’ वाजतो तेव्हा त्यांचीही आठवण निघायला हवी.