लेआँ फुको आणि त्याचा भोवरा

मी बुऱ्हाणपूरचा. तेथे एका विद्यार्थ्याने मनगटाच्या व्यायामाचा प्लॅस्टिकचा गोळा दाखवला. वजन जेमतेम पाव किलो. पण आतले चाक दोरीने फिरवून मनगट घुमवू लागले की मुद्गल फिरवणाऱ्याचाही हात भरून येतो. वजन नाही, मग हा विरोध येतो कोठून? ते सांगायचे तर फुकोपासून सुरुवात करावी लागते.

लेआँ फुको 1819 साली पॅरिसमध्ये जन्मला. प्रकृती नाजूक, बरेचसे शिक्षण घरीच. हात मात्र विलक्षण कसबी. शल्यविशारद होण्यासाठी वैद्यक शिकू लागला, पण रक्त पाहवेना. ते सोडून तो पदार्थविज्ञानात आला, तो या कसबाच्या जोरावर.

1851 मध्ये पँथिऑनच्या घुमटाखाली 67 मीटर तारेला 28 किलोचा गोळा टांगून त्याने पृथ्वीचे फिरणे लोकांना डोळ्यांदेखत दाखवले. लंबकाचे प्रतल पॅरिसला सुमारे 32 तासांत फेरी पुरी करते. तोच लंबक तापीकाठी आमच्या गावी टांगला तर, मी गणित करून पाहिले, 66 तास लागतील! अक्षांशाची ही भानगड नको म्हणून 1852 मध्ये त्याने सर्व बाजूंनी वळू शकेल असे वेगवान चाक बनवले. गायरोस्कोप हे नावही त्याचेच. चाक दहाएक मिनिटे फिरे. तेवढ्यात आसाचा सरकाव सूक्ष्मदर्शकातून टिपावा लागे.

फिरत्या चाकाचा आस कलवू गेले तर तो ढकलल्या बाजूस न जाता तिच्याशी काटकोनात वळतो. हे परांचन, भोवरा डुलतो तो यामुळेच. गोळ्यात आसाची टोके गोल खाचेत बसवलेली असतात. मनगट कलले की टोके खाचेच्या कडेवर दाबली जातात, घर्षणाने तिच्यावरून घरंगळतात आणि चाकाचा वेग वाढतो. वेग वाढला की आस वळवायला आणखी जोर लागतो. मुद्गलाचे वजन ठरलेले; येथे जेवढी ताकद लावाल तेवढा गोळा जड. याचे पेटंट अमेरिकेत आर्ची मिश्लरला 1973 मध्ये मिळाले.

फुकोचे स्वतःचे हात मात्र फार दिवस साथ देणार नव्हते. 1867 च्या उन्हाळ्यात हात बधिर होऊ लागला, मग वाचा गेली, दृष्टीही गेली. 11 फेब्रुवारी 1868 रोजी, 48 व्या वर्षी तो वारला. ताऱ्याचा प्रकाश एकाच दिशेने धरून ठेवणारे आरशाचे एक यंत्र त्याने योजले होते. ते त्याच्या मृत्यूनंतर इतरांनी पुरे केले.