द. रा. कापरेकर : अंकांचा सोबती

नऊ वेळा एक लिहून होणाऱ्या १११११११११ या संख्येचा वर्ग केला, तर १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या मिळते. ती दोन्ही बाजूंनी सारखीच वाचता येते. तिच्यातील अंकांची बेरीज ८१, म्हणजे नऊचा वर्ग होते. गुणाकार मांडताना कोणत्याही स्तंभाची बेरीज नऊपेक्षा अधिक होत नाही, त्यामुळे हातचा येत नाही व अंकांची चढण-उतरण अबाधित राहते. दहा एक घेतल्यास मात्र मधल्या स्तंभात हातचा येतो आणि ही रचना भंगते. अशा संख्यांना ‘डेमलो संख्या’ हे नाव देणारे गणितज्ञ म्हणजे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. डोंबिवलीजवळच्या रेल्वे स्थानकावर ही कल्पना सुचल्याने त्या स्थानकाचे तत्कालीन नाव त्यांनी या संख्यांना दिले.

कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. आठव्या वर्षी त्यांचे मातृछत्र हरपले. ठाणे येथे शालेय शिक्षण घेतल्यानंतर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे विज्ञान पदवीधर झाले. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी नाशिकजवळील देवळाली येथे शालेय शिक्षक म्हणून सेवा केली.

पदव्युत्तर शिक्षण नसलेल्या या शिक्षकाच्या संशोधनाकडे अनेक भारतीय गणितज्ञांनी केवळ करमणूक म्हणून पाहिले. त्यांचे बरेचसे लेखन सामान्य नियतकालिकांत किंवा खासगीरीत्या प्रसिद्ध झाले. तरीही त्यांनी अंकांचा ध्यास सोडला नाही.

१९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी ६१७४ या संख्येचे वैशिष्ट्य मांडले. सर्व अंक समान नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करावी. हीच कृती पुन्हा पुन्हा केल्यास जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ हाती येते. कापरेकरांच्या जन्मवर्षापासून, म्हणजे १९०५ पासून सुरुवात केल्यास ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ असा प्रवास होऊन सातव्या पायरीवर ६१७४ येते.

‘कापरेकर संख्या’ हाही त्यांचाच शोध. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९ आहे. त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे दोन भाग करून बेरीज केल्यास पुन्हा १४२८५७ मिळते.

१९६६ मध्ये पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन अपुरे पडू लागल्याने त्यांना शिकवण्या कराव्या लागल्या. १९७५ मध्ये अमेरिकी लेखक मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्या कार्याचा परिचय करून दिला आणि सत्तरीतील या निवृत्त शिक्षकाचे नाव जगभर पोहोचले. १९८६ मध्ये देवळाली येथे त्यांचे निधन झाले. ६१७४ ही संख्या आज ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखली जाते.