अठ्ठावीस डॉलर साडेबारा सेंटचे घर

हेन्री डेव्हिड थोरो हे नाव आपल्या वर्गात येते ते बहुधा गांधीजींचे बोट धरून. कर देण्यास नकार, तुरुंगातली एक रात्र, कायदेभंगावरचा निबंध आणि पुढे दक्षिण आफ्रिकेत गांधीजींनी केलेले त्याचे वाचन, एवढे टिपणवहीत उतरले की थोरो संपला. इंग्रजीच्या तासाला तो पुन्हा भेटतो, तो इमर्सनचा शिष्य आणि निसर्गवादी चिंतक म्हणून. दोन्ही ओळखी खऱ्याच आहेत. पण मला आवडतो तो थोरो तिसराच. हातात कुऱ्हाड घेतलेला आणि खिळ्यांचा हिशेब ठेवणारा. माणसाला घराबाहेर काढणारी, स्वतःच्या हाताने काही करून पाहायला लावणारी पुस्तके इंग्रजीत उदंड आहेत. त्या साऱ्या कुळाचा मूळपुरुष मी त्याच्या ‘वॉल्डन’ला मानतो.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या कॉन्कॉर्ड गावी १२ जुलै १८१७ रोजी थोरोचा जन्म झाला. वडिलांचा शिसपेन्सिली करण्याचा धंदा होता. १८३७ साली तो हार्वर्डमधून पदवी घेऊन बाहेर पडला आणि गावच्या शाळेत मास्तर झाला. पण मुलांना मारावे लागते म्हणून दोन-तीन आठवड्यांतच ती नोकरी सोडून मोकळा झाला. मग थोरला भाऊ जॉन आणि तो, दोघांनी मिळून स्वतःची शाळा चालवली. तिथे मुलांना रानात आणि नदीवर नेणे हा शिक्षणाचाच भाग होता. मधल्या काळात वडिलांच्या कारखान्यातही त्याने लक्ष घातले. ग्राफाइटची भुकटी अधिक बारीक दळण्याची आणि तीत माती मिसळण्याची रीत त्याने बसवली, आणि थोरोंची पेन्सिल अमेरिकेतल्या उत्तम पेन्सिलींत गणली जाऊ लागली. हार्वर्डचा पदवीधर, ग्रीक आणि लॅटिन जाणणारा, आणि हात काळे करून घेण्यात त्याला कमीपणा वाटत नव्हता. आपल्याकडे पदवी हाती आली की हातोडी धरायला लाज वाटते, हे या ठिकाणी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

१८३९ च्या वसंतात या दोघा भावांनी आठवडाभर खपून पंधरा फुटांची एक होडी बांधली. स्वतःच्या मळ्यातले बटाटे आणि खरबुजे तीत भरली आणि ऑगस्टच्या अखेरीस कॉन्कॉर्ड व मेरिमॅक या नद्यांतून दोन आठवड्यांच्या सफरीला निघाले. रात्री काठावर तंबू ठोकायचा, सकाळी पुन्हा वल्ही मारायची. दोघांच्या आयुष्यातले ते सर्वांत सुखाचे दिवस असावेत, असे मला वाटते.

कारण पुढे अडीच वर्षांनी, जानेवारी १८४२ मध्ये, वस्तऱ्याला धार लावताना जॉनच्या बोटाला लहानशी जखम झाली. तिच्यातून धनुर्वात झाला, आणि त्याने हेन्रीच्या मिठीतच प्राण सोडला. हेन्रीला कसलीही जखम नव्हती. तरी काही दिवसांनी त्याच्याही अंगात तीच लक्षणे दिसू लागली. घरच्यांचा धीर खचला. तो वाचला, पण मनाने फार काळ सावरला नाही. ती होडी त्याच वर्षी सात डॉलरला लेखक नथॅनिएल हॉथॉर्नने विकत घेतली. थोरो वॉल्डन तळ्याकाठी जाऊन राहिला तो जगाला कंटाळून, असे सर्रास सांगितले जाते. मला ते अपुरे वाटते. त्याला तिथे बसून एक पुस्तक लिहायचे होते, आणि ते पुस्तक होते जॉनबरोबर केलेल्या त्या सफरीचे. भावासाठी लिहायला जागा हवी होती, म्हणून ते घर उभे राहिले.

आता घराविषयी थोडे सविस्तर. जागा इमर्सनच्या मालकीची, गावापासून सुमारे दीड मैलावर. मार्च १८४५ च्या अखेरीस थोरोने एक कुऱ्हाड उसनी आणली आणि पांढऱ्या पाइनची झाडे तोडून वासे तासायला सुरुवात केली. रेल्वेवर काम करणाऱ्या एका आयरिश मजुराची झोपडी सव्वाचार डॉलरला घेतली, ती मोडली, आणि फळ्या गवतावर पसरून उन्हात वाळवल्या. हे चालले असताना एक शेजारी त्यातले बरे खिळे हळूच खिशात घालत होता, हेही त्याने नोंदवून ठेवले आहे! मे महिन्यात मित्रांच्या मदतीने सांगाडा उभा केला आणि ४ जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, तो राहायला गेला. धुराडे थंडीच्या तोंडावर बांधले, भिंतींना गिलावा त्यानंतर. घर दहा फूट रुंद, पंधरा फूट लांब. जुन्या हजार विटा चार डॉलर, वापरलेल्या दोन खिडक्या दोन डॉलर त्रेचाळीस सेंट, खडू एक सेंट. एकूण अठ्ठावीस डॉलर साडेबारा सेंट. हार्वर्डमध्ये विद्यार्थ्याला याहून जराशा मोठ्या खोलीचे वर्षाला तीस डॉलर भाडे पडत असे, हेही तो लगोलग सांगतो. वसतिगृहातल्या मित्रांनी हा हिशेब जरूर वहीत उतरवून घ्यावा.

सुमारे अडीच एकरांत त्याने मुख्यत्वे घेवडा लावला. खर्च वजा जाता त्याला पावणेनऊ डॉलरांच्या आसपास नफा झाला. १८४६ च्या आरंभी तळे गोठलेले असताना त्याने बर्फाला भोके पाडून, दोरीला दगड बांधून तळ्याची खोली मोजली. गावकरी तळ्याला तळच नाही म्हणत. तो निघाला १०२ फुटांवर. पुढच्या हिवाळ्यात मजुरांचा ताफा तळ्यावरचा बर्फ कापायला आला. त्या काळी मॅसॅच्युसेट्सचा बर्फ जहाजाने मुंबईला येत असे. सकाळी गीता वाचणाऱ्या थोरोला मद्रास-मुंबई-कलकत्त्याचे लोक आपल्याच विहिरीचे पाणी पितात असे वाटले, यात नवल नाही.

त्याच्यावर टीका पुष्कळ झाली. तळ्याकाठी राहून हा आईकडे जेवायला जात असे, मग एकांत कसला, असे विचारतात. पण आपण गावात वरचेवर जात असू, हे त्यानेच पुस्तकात लिहिले आहे, लपवले कुठे? मला खटकते ती दुसरी गोष्ट. घर बांधण्याच्या आदल्याच वर्षी, एप्रिल १८४४ मध्ये, मासे भाजताना त्याच्या हातून कॉन्कॉर्डच्या रानाला आग लागली आणि सुमारे तीनशे एकर रान जळाले. गाव ते विसरले नाही. ‘वॉल्डन’मध्ये मात्र रान आपल्याच हातून चुकून जळाल्याचा उल्लेख जाता जाता, एखाद्या वाक्यापुरताच येतो. खिशात गेलेल्या खिळ्यांची नोंद करणारा माणूस इथे तपशील देत नाही. त्याचे मोठेपण मान्य करूनही ही उणीव सांगायलाच हवी.

६ सप्टेंबर १८४७ ला त्याने ते घर सोडले. सफरीचे पुस्तक १८४९ मध्ये निघाले. हजार प्रतींपैकी ७०६ प्रती प्रकाशकाने चार वर्षांनी परत पाठवल्या, आणि त्या त्याने स्वतःच जिना चढून माळ्यावर नेऊन रचल्या. ‘वॉल्डन’ १८५४ मध्ये आले. दोन हजार प्रती खपायला पाचेक वर्षे लागली. पोटासाठी तो जमीनमोजणी करी. त्याने मोजून दिलेले रान पुढे तोडले जाई, हे त्याला कळत होते. १८५५ मध्ये एका इंग्रज मित्राने त्याला भारतविषयक ४४ ग्रंथ भेट पाठवले. ते येणार असे कळताच थोरोने नदीत वाहून आलेल्या फळ्या गोळा केल्या आणि त्यांचे कपाट करून ठेवले. आपल्या देशाच्या विद्येचा याहून साधा आणि मनापासूनचा सत्कार माझ्या तरी ऐकिवात नाही. मराठीत त्याचे ऋण दुर्गा भागवतांनी फेडले. ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ आपल्या ग्रंथालयातून अवश्य काढून वाचावे.

डिसेंबर १८६० मध्ये झाडांच्या बुंध्यांवरची वलये मोजताना त्याला थंडी बाधली, आणि क्षय बळावत गेला. ६ मे १८६२ रोजी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, तो वारला. घर तोपर्यंत जागेवरून हलवून धान्य साठवायला वापरले जात होते. १८६८ मध्ये ते मोडले आणि लाकूड शेतावरच्या दुसऱ्या बांधकामात गेले. १९४५ मध्ये, बरोबर शंभर वर्षांनी, तळ्याकाठी खणताना त्याने घातलेला धुराड्याचा पाया सापडला.