जे आणि के शेजारी का? जीमेलचे शॉर्टकट आणि शोल्सची गोष्ट

आपल्यापैकी बहुतेकांचं ई-मेल फोनवरच चालतं. माझंही तसंच होतं. मेल डावीकडे सरकवला की अर्काइव्ह, संपलं. पण नोकरी लागल्यावर लॅपटॉपवर रोज शे-दीडशे मेल समोर यायला लागले आणि माऊस धरून धरून मनगट दुखायला लागलं. तेव्हा ऑफिसातल्या एका सिनियर ताईने मला जीमेलचे कीबोर्ड शॉर्टकट चालू करून दिले. ब्राउझरमध्ये जीमेल उघडायचं, वरच्या गिअरवर क्लिक करून सगळ्या सेटिंग्ज बघायच्या, 'जनरल'मध्ये कीबोर्ड शॉर्टकट ऑन करायचे आणि खाली जाऊन सेव्ह करायचं. सेव्ह विसरू नका, मी विसरलो होतो.

यातले बरेच शॉर्टकट पाठ करावेच लागत नाहीत. नवीन मेल म्हणजे कंपोझ, म्हणून सी. रिप्लायसाठी आर, फॉरवर्डसाठी एफ. पण यादीत खाली जायला जे आणि वर यायला के. हे कुठल्या शब्दाचं पहिलं अक्षर? कुठल्याच नाही. ही बटणं त्यांच्या जागेमुळे निवडली आहेत. उजव्या हाताची पहिली दोन बोटं जिथे टेकतात तिथेच ती आहेत. माझ्या आईने लग्नाआधी टायपिंगची परीक्षा दिली होती. तिने माझा हात नुसता बघितला आणि बोटं बरोबर पडतायत म्हणून मान डोलावली.

आता प्रश्न असा की, जे आणि के तिथे शेजारी शेजारी आले कसे? त्यासाठी अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहरात जावं लागेल.

क्रिस्टोफर लॅथम शोल्स. जन्म 14 फेब्रुवारी 1819, पेनसिल्व्हेनिया. पोरवयातच छापखान्यात उमेदवारी केली, पुढे विस्कॉन्सिनमध्ये जाऊन वर्तमानपत्रं चालवली. माणूस नुसता यंत्रवेडा नव्हता. 1851 मध्ये केनोशा गावात एका माणसाला जाहीर फाशी दिली गेली. तिथल्या आपल्या पेपरातून शोल्सने फाशीविरुद्ध लिहिलं, मग विधानसभेत जाऊन तो कायदा बदलायच्या मागे लागला. 1853 मध्ये विस्कॉन्सिनने फाशीची शिक्षा रद्द केली, त्यात त्याचा मोठा वाटा होता. मला विचाराल तर त्याच्या नावावरचं हे काम टाइपरायटरपेक्षा मोठं आहे. पण आठवण राहिली ती बटणांची.

पुढे तो मिलवॉकी बंदरात कस्टम्सच्या नोकरीत होता. फावल्या वेळात त्याने सॅम्युअल सूल या मित्राबरोबर पानांवर, तिकिटांवर आकडे छापायचं यंत्र बनवलं. त्याच वर्कशॉपमध्ये कार्लोस ग्लिडन नावाचा वकील स्वतःच्या नांगराच्या यंत्रावर खटपट करत असायचा. आकडे छापता येतात तर अक्षरं का नाहीत, हे त्याने सुचवलं. 1867 च्या उन्हाळ्यात 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिण्याच्या एका यंत्राबद्दल लेख आला आणि शोल्सच्या डोक्यातून तो विषय जाईना. पहिला प्रयोग अगदी साधा होता: तारयंत्राची एक कळ, आणि ती दाबली की कागदावर उमटणारं एकच अक्षर. जून 1868 मध्ये शोल्स, ग्लिडन आणि सूल यांना पेटंट मिळालं. त्या चित्रातली बटणं पियानोच्या पट्ट्यांसारखी आहेत आणि अक्षरं चक्क एबीसीडीच्या क्रमाने, दोन ओळींत.

आता खरी गंमत. तो क्रम टिकला नाही. अक्षरांच्या दांड्या वर्तुळात टांगलेल्या असायच्या आणि कागदावर खालून आपटायच्या. जवळजवळच्या दोन दांड्या पटापट वर आल्या की एकमेकींत अडकायच्या. शिवाय छापलेलं त्या क्षणी दिसायचंच नाही, दोन-चार ओळी पुढे गेल्यावर चूक कळायची. शोल्स अक्षरं हलवत राहिला. यामागचं कारण दांड्या अडकणं, की तारेवरचे संदेश उतरवून घेणाऱ्या ऑपरेटरांच्या सूचना, यावर संशोधक आजही भांडतात. यंत्र वापरून बघणाऱ्यांत तार ऑपरेटर होते हे मात्र नक्की.

जेम्स डेन्समोर हा भांडवल लावणारा भागीदार. यंत्र न बघताच त्याने हिस्सा घेतला होता, नंतर बघितल्यावर ते कामाचं नाही म्हणून सरळ सांगितलं आणि तरीही पैसे ओतत राहिला. यंत्रं तपासायला तो वॉशिंग्टनच्या जेम्स क्लेफेन या शॉर्टहँडवाल्याकडे पाठवायचा. क्लेफेन ती इतकी बडवायचा की मोडायचीच, आणि वर दोषांची लांबलचक यादी यायची. शोल्स वैतागला, सोडून द्यायला निघाला. डेन्समोरचं म्हणणं, दोष आत्ताच कळलेले बरे. बीटा टेस्टिंग म्हणतो ना आपण, ते हेच. सूल आधीच बाजूला झाला होता, शोल्स मात्र पुन्हा पुन्हा नवीन मॉडेल करत राहिला.

1873 मध्ये बंदुका आणि शिलाई मशीन बनवणाऱ्या रेमिंग्टन कंपनीशी करार झाला. 1874 मध्ये बाजारात आलेलं यंत्र दिसायलाही शिलाई मशीनसारखंच होतं, फुलं रंगवलेलं, नवीन ओळीसाठी पायाने दाबायचं पेडल. किंमत 125 डॉलर. फक्त कॅपिटल अक्षरं. एक आणि शून्य नव्हतेच, त्यासाठी आय आणि ओ वापरायचे! 1878 मध्ये दुसरं मॉडेल आलं आणि त्यात लहान अक्षरंही आली. त्यासाठीच्या बटणाने कागदाचा रोलर खरोखर थोडा सरकायचा, म्हणून त्याचं नाव शिफ्ट. एकाच बटणाला दुसरं बटण धरून दुसरं काम द्यायचं, आपल्या कंट्रोल अधिक एंटर दाबून मेल पाठवण्याचं मूळ मला तिथे दिसतं.

त्याच वर्षीच्या शोल्सच्या पेटंटमध्ये क्वर्टी आहे. आजच्यासारखी तंतोतंत नाही: एम हे एलच्या शेजारी आहे, सी आणि एक्सची जागा उलटी आहे. पण मधली ओळ नीट वाचा. डी, एफ, जी, एच, जे, के, एल. ई आणि आय वरच्या ओळीत गेले, बाकीचे जुन्या एबीसीडीच्या रांगेत तसेच उभे आहेत. जे आणि के शेजारी आहेत ते एवढ्यासाठीच, शोल्सने त्यांना हलवलं नाही.

शोल्सला मात्र फार पैसे मिळाले नाहीत. त्याने आपले हक्क एकरकमी विकून टाकले. डेन्समोरने रॉयल्टी घेतली आणि श्रीमंत झाला. या यंत्रामुळे बायकांना ऑफिसात कमाईचं काम मिळालं, याचं शोल्सला समाधान होतं. शेवटची वर्षं त्याची क्षयरोगात गेली. अंथरुणावरूनही तो टाइपरायटर सुधारतच होता, आणि 1889 मध्ये त्याने एका नव्या रचनेसाठी अर्ज केला, जी क्वर्टी नव्हती. ज्याने क्वर्टी बनवली त्यालाच ती शेवटची वाटत नव्हती. 17 फेब्रुवारी 1890 ला तो मिलवॉकीत गेला. ते पेटंट मंजूर झालं 1896 मध्ये.

तोवर उशीर झाला होता. 1888 मध्येच सिनसिनाटीत टायपिंगची एक जाहीर स्पर्धा झाली होती. फ्रँक मॅकगुरिन बटणांकडे न बघता दहा बोटांनी टाइप करायचा, तो जिंकला, आणि टायपिंग क्लासेसनी तीच पद्धत उचलली. बटणं लोकांच्या बोटांत बसली, आता ती हलवणार कोण?

हे मी स्वतः करून बघितलंय. जीमेलच्या 'ॲडव्हान्स्ड' सेटिंग्जमध्ये स्वतःचे शॉर्टकट ठरवायची सोय आहे. मी हौसेने जेच्या जागी एन ठेवलं, नेक्स्टचं एन, लक्षात राहायला सोपं. दोन दिवस माझी बोटं जेवरच जात राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी सगळं होतं तसं केलं आणि साठलेले मेल उरकायला घेतले.