न मागता देणाऱ्या पंडिता रमाबाई

मुलांनो, २५ डिसेंबरला नाताळ. त्या दिवशी आपल्या शाळेला सुट्टी असते. वसईकडे गेलात तर ख्रिस्ती लोकांच्या घरांवर रंगीत चांदण्या टांगलेल्या दिसतील, दारात गव्हाणीचा देखावा मांडलेला दिसेल. येशूच्या आईबापांना धर्मशाळेत जागा मिळाली नाही, म्हणून त्याचा जन्म गुरांच्या गोठ्यात झाला, अशी ती कथा. म्हणूनच ज्याला निवारा नाही, ज्याचे ताट रिकामे आहे, त्याला या सणाला काहीतरी द्यायची रीत आहे. त्या निमित्ताने आज अशा एका बाईंची ओळख करून घेऊ, की ज्यांनी आयुष्यभर दिले. आणि दिले ते कसे, हे तर आणखी शिकण्यासारखे आहे.

त्यांचे नाव पंडिता रमाबाई. जन्म २३ एप्रिल १८५८, आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळ येथे, रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान होते. बायकांनी संस्कृत शिकू नये, असे त्या वेळी लोक म्हणत. पण शास्त्रीबुवांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. लोक रागावले, तेव्हा ते रानात जाऊन राहिले. पुढे आईने रमाला शिकवले. पहाटे उठून पाठांतर चाले. भागवताचे हजारो श्लोक रमाला लहानपणीच तोंडपाठ झाले, बरं का!

हे कुटुंब गावोगाव फिरून पुराण सांगे आणि त्यावर पोट भरे. पण १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. जिथे लोकांनाच खायला नाही, तिथे पुराण कोण ऐकणार? होते नव्हते ते सगळे विकले. अकरा दिवस रानात पाला आणि पाणी यांवर काढले. त्या हालांतच वडील गेले आणि थोड्याच दिवसांत आईनेही अंथरूण धरले.

आता पुढची गोष्ट नीट ऐका. आईला खायला काहीतरी हवे होते. घरात दाणा नव्हता. सोळा वर्षांची रमा भाकरीचा तुकडा मागायला शेजारच्या एका बाईंकडे गेली. दारात उभी राहिली, पण तोंडातून शब्द फुटेना. आजवर कधी मागितले नव्हते ना! तिने डोळ्यांतले पाणी कसेबसे आवरले. पण चेहरा काही लपत नाही. त्या बाईंनी ओळखले आणि आपणहून विचारले, काही खायला हवे का? रमाने फक्त बाजरीच्या भाकरीचा एक तुकडा मागितला. बाईंनी तो लगेच दिला. रमा धावत आईकडे आली. पण आईच्या अंगात भाकरी खाण्याचेही बळ उरले नव्हते. थोड्याच काळात आईही गेली.

तो तुकडा आईच्या पोटात गेला नाही. पण रमाबाई ती गोष्ट विसरल्या नाहीत. नंतर त्यांनी आपली हकिगत लिहिली, त्यात त्या दयाळू बाईची आठवण आहे.

पुढे रमाबाई आणि त्यांचा भाऊ श्रीनिवास पायी फिरत फिरत कलकत्त्याला पोचले. १८७८ साली तिथल्या विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि त्यांना पंडिता व सरस्वती अशा पदव्या दिल्या. एका बाईला असा मान! साऱ्या देशात नाव झाले. पण १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांचे लग्न झाले. मनोरमा नावाची मुलगी झाली. १८८२ साली पतीही पटकीने गेले. चोविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या.

त्या पुण्याला आल्या. पुढे इंग्लंडला गेल्या, आणि तिथे १८८३ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यावरून इकडे पुष्कळ टीका झाली. मग त्या अमेरिकेला गेल्या आणि आपल्या देशातल्या विधवा मुलींसाठी मदत गोळा करून परतल्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी शारदा सदन काढले. पुढच्याच वर्षी ते पुण्याला नेले. ज्या मुलींना घरात कोणी विचारत नव्हते, त्या तिथे शिकू लागल्या.

१८९६ साल संपता संपता मध्य प्रांतातून दुष्काळाच्या बातम्या येऊ लागल्या. रमाबाईंच्या डोळ्यांपुढे आपले जुने दिवस उभे राहिले. कोणी दारात येऊन मागेल याची त्यांनी वाट पाहिली नाही. स्वतःच तिकडे गेल्या. रस्त्यावरच्या, अन्नछत्रांतल्या, हाडांचा सापळा झालेल्या मुली त्यांनी पाहिल्या. तीनशे मुली सांभाळायच्या असे ठरवले. तेवढा पैसा होता कुठे? तरीही मुली आणल्या. त्यातच पुण्यात प्लेगची साथ. या नव्या मुलींना शहरात ठेवायला परवानगी मिळेना. तेव्हा रमाबाईंनी त्यांना केडगावला नेले. तिथे त्यांनी आधीच शेतजमीन घेतली होती. आपल्या कल्याण स्टेशनातून पुण्यामार्गे सोलापूरला जाणारी गाडी असते ना, तिच्या वाटेवरच हे केडगाव लागते. आधी तंबू आणि झोपड्या, मग दगडी इमारती. १८९८ पासून त्या जागेला मुक्ती हे नाव मिळाले. १९०० साली गुजरातेतही दुष्काळ पडला आणि तिथल्याही शेकडो मुली आल्या. मुक्तीत दीड हजारांच्या आसपास माणसे झाली. रोज एवढ्या जणींचे दोन वेळचे जेवण, विचार करा!

पण रमाबाईंनी नुसते जेवण दिले नाही. विहिरी खणल्या, शेती केली, गाईगुरे पाळली. मुलींना लिहायला-वाचायला शिकवले. आंधळ्या मुलींना बोटांनी चाचपून वाचायची ब्रेल लिपी शिकवली. आपल्या भिवंडीत जसे घरोघर माग, तसे तिथेही हातमाग होते आणि मुली त्यांवर कापड विणत. छापखाना होता, त्याचे खिळेही मुलीच जुळवत. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून बायबल सोप्या मराठीत आणले, ते याच छापखान्यात छापले गेले. आधी आलेल्या थोरल्या मुली नव्या मुलींना शिकवत, सांभाळत. काल जिने घेतले, ती आज देऊ लागली. रमाबाईंचा खरा आनंद हाच असला पाहिजे.

१९१९ साली सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. १९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावलाच रमाबाईंनी डोळे मिटले. त्यांची मुक्ती मिशन ही संस्था आजही तिथे चालू आहे.

मुलांनो, दिवाळी झाली की आपल्या भिवंडी तालुक्यात वीटभट्ट्या पेटतात. जव्हार-मोखाड्याकडची माणसे कामाला येतात आणि त्यांची पोरेही येतात. मध्येच कधीतरी एखादे नवे पोर आपल्या वर्गात येऊन मागच्या कोपऱ्यात बसते. त्याच्याकडे वही नसते, पेन्सिल नसते, थंडीत अंगात स्वेटर नसतो. ते काही मागत नाही. सोळा वर्षांच्या रमेलाही मागता आले नव्हते, मग ते तर लहान पोर! आपण त्याच्या तोंडाकडे पाहून ओळखायचे. शेजारी जागा करून द्यायची. दोन पेन्सिली असतील तर एक त्याच्या हातात ठेवायची, आणि चारचौघांत त्याचा गवगवा करायचा नाही. मग त्याच्या चेहऱ्यावर काय उमटते, तेवढे मात्र जरूर पाहा. पेन्सिल दिली त्याने, पण आनंद दोघांना. पुढच्या नाताळपर्यंत थांबायची गरज नाही, उद्या प्रार्थनेची घंटा झाली की लगेच करता येईल.