स्वामी विवेकानंदांचे रायपूर : प्रवास, गायन आणि पाककला

छत्तीसगडची राजधानी रायपूर येथील बुढा तलाव आता विवेकानंद सरोवर या नावाने ओळखला जातो. तलावाच्या मध्यभागी स्वामी विवेकानंदांचा बैठा भव्य पुतळा आहे. शहराच्या विमानतळालाही २०१२ साली त्यांचेच नाव देण्यात आले. बंगालमध्ये जन्मलेल्या आणि शिकागोत कीर्ती मिळवलेल्या या संन्याशाशी रायपूरचा संबंध काय, असा प्रश्न बाहेरून येणाऱ्यास पडतो. हा संबंध अवघ्या दोन वर्षांचा आहे. मात्र प्रवासाची ओढ, संगीत आणि स्वयंपाक या तिन्ही गोष्टी नरेंद्रनाथ दत्त नावाच्या मुलाच्या जीवनात एकत्र आल्या त्या याच काळात, वडिलांच्या सहवासात.

नरेंद्रनाथांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजी कोलकात्यात झाला. त्यांचे वडील विश्वनाथ दत्त कोलकाता उच्च न्यायालयात ॲटर्नी होते. वकिलीच्या कामानिमित्त त्यांचे उत्तर भारतात दूरवर येणे-जाणे असे. फारसी काव्याची त्यांना आवड होती, गाण्याचा कान होता आणि मुघलाई पद्धतीचे पदार्थ ते हौसेने करून खाऊ घालीत. मिळवलेला पैसा ते सढळ हाताने खर्च करीत. या उदारपणाची किंमत कुटुंबाला पुढे मोजावी लागली.

१८७७ साली विश्वनाथबाबू कामासाठी रायपूरला आले. छत्तीसगड त्या वेळी मध्य प्रांतात होते आणि प्रांताचा कारभार नागपूरहून चालत असे. त्याआधी १८५० च्या दशकापर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. काही काळाने आई भुवनेश्वरीदेवी व धाकट्या भावंडांसह नरेंद्र रायपूरला निघाला, तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. रायपूरपर्यंत रेल्वे नव्हती. अलाहाबाद, जबलपूरमार्गे नागपूरपर्यंत आगगाडी आणि तेथून पुढे बैलगाडी, असा मार्ग चरित्रग्रंथांत सांगितला आहे. बैलगाडीचा प्रवास जबलपूरहूनच सुरू झाला असावा, असेही काही अभ्यासकांचे मत आहे. पंधरवड्याहून अधिक काळ कुटुंब घनदाट अरण्यातून जात होते. वाटेत एका डोंगराच्या कपारीत वरपासून खालपर्यंत पसरलेले मधमाश्यांचे प्रचंड पोळे पाहून मुलाचे देहभान हरपले आणि गाडी बरीच पुढे गेल्यावर तो भानावर आला, असे चरित्रकार नमूद करतात. भक्त या प्रसंगाला पहिली समाधी मानतात. तसे न मानणाऱ्यालाही एवढे दिसते, की घराबाहेरचा देश या मुलाने प्रथम पाहिला तो बैलगाडीच्या गतीने.

रायपूरच्या बुढापारा भागातील डे भवन या वास्तूत दत्त कुटुंबाचे वास्तव्य होते, असे मानले जाते. मुलाला घालावे असे विद्यालय गावात नव्हते. त्यामुळे नरेंद्रचा दिवस वडिलांबरोबर जाऊ लागला. घरी येणाऱ्या विद्वान मंडळींच्या चर्चेत वडील त्याला बसवून घेत आणि त्याला स्वतंत्र मत मांडू देत. येथेच तो बुद्धिबळ शिकला. येथेच वडिलांनी त्याच्या गाण्याकडे लक्ष दिले. आणि येथेच, चुलीपाशी, तो स्वयंपाक शिकला. एकोणिसाव्या शतकातील सुखवस्तू बंगाली घरात मुलाने स्वयंपाक शिकणे आणि तोही वडिलांकडून, ही बाब सर्वसामान्य खचितच नव्हती. शाळा नसणे हा एरवी तोटा समजला जातो. या मुलाच्या बाबतीत तो नफा ठरला, असेच म्हणावे लागते.

१८७९ साली कुटुंब कोलकात्यास परतले. बुडालेला अभ्यास भरून काढत नरेंद्रने प्रवेश परीक्षा प्रथम श्रेणीत उत्तीर्ण केली. महाविद्यालयीन शिक्षणाबरोबरच बेणी गुप्त, अहमद खाँ यांसारख्या उस्तादांकडे त्याने ध्रुपद गायकीचे धडे घेतले. पखवाज आणि तबला वाजवण्यातही तो प्रवीण झाला. १८८१ च्या नोव्हेंबरमध्ये सुरेंद्रनाथ मित्र यांच्या घरी रामकृष्ण परमहंसांसमोर कोणीतरी गाणे म्हणावे म्हणून शेजारच्या या तरुणाला बोलावण्यात आले. गुरू-शिष्यांची पहिली गाठ अशी गाण्याच्या निमित्ताने पडली. १८८७ साली वैष्णवचरण बसाक यांच्यासह त्याने संपादित केलेला संगीत कल्पतरू हा बंगाली ग्रंथ प्रसिद्ध झाला. शेकडो गीतांबरोबरच संगीतशास्त्राची विस्तृत माहिती देणारी प्रस्तावना हे या ग्रंथाचे वैशिष्ट्य होय.

दरम्यान फेब्रुवारी १८८४ मध्ये विश्वनाथबाबूंचे अकस्मात निधन झाले. मागे कर्ज उरले होते. नातलगांनी घराच्या वाटणीवरून दावे लावले. पदवीधर नरेंद्र नोकरीसाठी अनवाणी हिंडू लागला. घरात अन्न पुरेसे नसले की बाहेर जेवणाचे आमंत्रण असल्याचे आईला सांगून तो उपाशीच बाहेर पडे. खाऊ घालण्याचा आनंद ज्याने वडिलांकडून घेतला होता, त्याच्या वाट्याला भूक आली ती अशी. १८८६ साली परमहंसांच्या निधनानंतर गुरुबंधूंसह बारानगरच्या मोडक्या वास्तूत मठ सुरू झाला, तेव्हाही परिस्थिती फार निराळी नव्हती. कित्येक दिवस भात, मीठ आणि तोंडलीची उकडलेली पाने एवढेच जेवण असे. तरीही रात्ररात्र भजन चाले आणि पखवाज बहुधा नरेंद्रच्याच हाती असे.

१८९० च्या जुलैमध्ये त्यांनी परिव्राजक म्हणून मठ सोडला. पुढील तीन वर्षांत त्यांनी हिमालयापासून कन्याकुमारीपर्यंतचा देश पायी, आगगाडीने आणि मिळेल त्या वाहनाने पालथा घातला. या प्रवासात पुढे काय खायला मिळेल आणि ते कोणाच्या हातचे असेल, हा प्रश्न रोजचा होता. राजपुतान्यातील एका रेल्वे स्थानकावर लोक त्यांच्याशी धर्मचर्चा करीत राहिले, पण जेवणाची विचारपूस कोणी केली नाही. अखेरीस एका चर्मकाराने ती केली. आपल्या हातची भाकरी दिली तर राजा शिक्षा करील, या भीतीने तो कोरडा शिधा देऊ लागला. स्वामीजींनी मात्र त्याच्याच हातची भाकरी घेतली. धर्म स्वयंपाकघरात आणि शिवाशिवीत अडकला आहे, अशी कठोर टीका त्यांनी पुढे वारंवार केली. या टीकेमागे भुकेचा असा अनुभव होता.

संगीताच्या बाबतीत मात्र एकदा त्यांनाच शिकावे लागले. खेतडीनरेश अजितसिंह यांनी आयोजित केलेल्या मैफलीत एक नर्तकी गाण्यास बसताच संन्याशाने तेथे थांबू नये म्हणून ते उठून गेले. तिने सूरदासांचे भजन आळवले. परमेश्वरापाशी सर्व समान, असा त्याचा आशय होता. ते ऐकून स्वामीजी परतले आणि पूर्ण मैफल बसून ऐकली.

१८९२ साली ते मुंबई इलाख्यात आले. मुंबईहून पुण्याला जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांची लोकमान्य टिळकांशी भेट झाली आणि आठ-दहा दिवस ते टिळकांच्या घरी विंचूरकर वाड्यात राहिले. जवळ पैसा नव्हता. मृगाजिन, एक-दोन वस्त्रे आणि कमंडलू एवढेच सामान होते. विचारले तर आपण एक संन्यासी आहोत, यापलीकडे ते काही सांगत नसत. तेथून कोल्हापूरमार्गे ते बेळगावला गेले आणि भाटे नावाच्या वकिलांकडे उतरले. या पाहुण्याने जेवणानंतर विडा आणि तंबाखू मागितली, तेव्हा मराठी ब्राह्मण घरातील मंडळी चकित झाली. खाण्यापिण्याचे नियम आपल्या पंथाला लागू नाहीत, असे स्वामीजींनी मोकळेपणाने सांगितले. असा संन्यासी या मंडळींनी पूर्वी पाहिलेला नव्हता. बेळगावहून पुढे त्यांनी गोव्यात मडगावला मुक्काम केला आणि राशोल येथील ख्रिस्ती सेमिनरीत धर्मग्रंथांचा अभ्यास केला.

३१ मे १८९३ रोजी मुंबईहून निघालेल्या जहाजाने ते कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग, जपानमार्गे अमेरिकेस गेले. ११ सप्टेंबरच्या शिकागोतील भाषणाची हकिगत सर्वपरिचित आहे. तिथल्या मुक्कामातील एक बारीकशी गोष्ट मात्र तितकीशी माहीत नाही. शिकागोतील लायन कुटुंबाकडे जेवताना टबॅस्को नावाचा जहाल तिखट सॉस त्यांच्यापुढे आला. यजमानीणबाई काळजीत पडल्या आणि पाहुण्यांनी तो भरपूर ओतून घेतला. अमेरिकेत व इंग्लंडमध्ये शिष्यांच्या घरी ते स्वतः शेगडीपाशी उभे राहत, मसालेदार पदार्थ करीत आणि वर्गाइतक्याच उत्साहाने वाढीत. आइस्क्रीम त्यांना अतिशय प्रिय होते. समुद्र ओलांडून परक्यांच्या पंक्तीला बसल्याबद्दल मायदेशी सनातनी मंडळींनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. त्यांनी आपला आहार लपवला नाही. उलट प्राच्य ओ पाश्चात्य या बंगाली ग्रंथात पूर्व-पश्चिमेच्या आहाराची सविस्तर तुलना केली.

१८९९ च्या दुसऱ्या विदेशयात्रेचे वर्णन परिव्राजक या पुस्तकात आहे. बंगाली बोलभाषेतील हे प्रवासवर्णन त्यातील विनोदामुळे आजही वाचनीय वाटते. २४ ऑक्टोबर १९०० रोजी प्रसिद्ध फ्रेंच गायिका एम्मा काल्व्हे यांच्यासह ते पॅरिसहून ओरिएंट एक्सप्रेसने निघाले आणि व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, अथेन्स करीत इजिप्तला पोहोचले. तेथून मात्र सहल अर्धवट सोडून ते भारताकडे वळले. ९ डिसेंबरच्या रात्री ते पूर्वसूचना न देता बेलूर मठासमोर उभे राहिले, तेव्हा फाटक बंद होते आणि आत जेवणाची घंटा झाली होती. उशीर झाला तर काही उरणार नाही, असे म्हणत स्वामीजी फाटकावरून चढून आत आले आणि पंक्तीत बसून त्यांनी मनसोक्त खिचडी खाल्ली.

शरीर मात्र थकले होते. मधुमेह आणि दम्याने त्यांना ग्रासले होते. १९०१ साली अंगावर सूज आल्यामुळे वैद्यांनी मीठ आणि पाणी बंद केले, आणि हे कठोर पथ्य त्यांनी पाळले. त्याच वर्षअखेरीस काँग्रेसच्या कोलकाता अधिवेशनासाठी आलेले टिळक बेलूरला गेले. जायफळ, जायपत्री, वेलदोडा, लवंग आणि केशर घालून टिळकांनी तेथे सर्वांसाठी मुघलाई चहा केला, अशी आठवण सांगितली जाते. नऊ वर्षांपूर्वी पुण्यात यजमान असलेल्या टिळकांनी मठातही पाहुणचार आपल्याकडेच घेतला होता.

२ जुलै १९०२ रोजी एकादशी होती. स्वामीजींचा उपवास असतानाही त्यांनी भेटीस आलेल्या भगिनी निवेदितांना आपल्या हाताने वाढले. पानात फणसाच्या उकडलेल्या आठळ्या, उकडलेले बटाटे, भात आणि गार दूध होते. जेवण होताच त्यांनी निवेदितांच्या हातांवर पाणी घातले आणि हात पुसून दिले. ४ जुलैला सकाळी त्यांनी कालीमातेचे गीत गायले. दुपारी हंगामातील हिलसा मासळीचे जेवण सर्वांसोबत आवडीने घेतले. नंतर तीन तास ब्रह्मचाऱ्यांना संस्कृत व्याकरण शिकवले आणि सायंकाळी दूरवर फिरून आले. रात्री नऊच्या सुमारास ध्यानानंतर त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय ३९ वर्षे होते.