न्यूटन ह्यांची वादळातील उडी

आइझॅक न्यूटन ह्यांची सफरचंदाची गोष्ट पुष्कळांनी ऐकिली असेल. आम्ही आज उडीची सांगतो.

त्यांचा जन्म इंग्लंडातील वुल्सथॉर्प ह्या खेड्यात, जुन्या पंचांगाप्रमाणे 1642 च्या नाताळाच्या दिवशी झाला. बाप शेतकरी, तो तीन महिने आधीच वारला होता. मूल तीन वर्षांचे असता आईने दुसरा विवाह केला व त्यास आजीपाशी ठेविले. 1658 साली मोठे वादळ झाले, तेव्हा ह्या मुलाने वाऱ्याबरोबर व वाऱ्यासमोर उड्या मारून त्या शांत दिवसाच्या उडीशी ताडून पाहिल्या. वाऱ्याचा जोर त्यास मोजावयाचा होता! ही हकीकत त्यांनीच वृद्धपणी सांगितली. पुढे आईने त्यास शेतीस लाविले. पण चित्त तेथे नव्हते, आणि मेंढरे मोकाट सुटली म्हणून 1659 साली दंड झाला. अखेर मामा व शाळामास्तर ह्यांनी आईचे मन वळविले, व 1661 साली तो केंब्रिजास गेला.

त्यांस टीका सोसत नसे, म्हणून शोध वर्षानुवर्षे पेटीत पडून राहत. हॅले नामक ज्योतिर्विदाने आग्रह केला व छपाईचा खर्चही सोसला, तेव्हा 1687 साली 'प्रिन्सिपिया' हा ग्रंथ निघाला. त्यातील दुसरा नियम आमच्या वाचकांच्या नित्य उपयोगाचा आहे.

वस्तुमानास वेगाने गुणिले म्हणजे संवेग होतो. संवेगातील बदल हा लागलेल्या बलाच्या प्रमाणात असतो, असे न्यूटन ह्यांनी दाखविले. त्या बदलास वेळाने भागून बल काढण्याची रीत पुढील गणितज्ञांनी रूढ केली. यवतमाळकडे कापसाच्या गाडीवरून पोरे ताठ पायांनी उड्या मारितात, ते पाहून आमच्या छातीत धस्स होते. 60 किलोचा गडी सुमारे 80 सेंटिमीटरांवरून उतरला, तर भुईस टेकताना त्याचा वेग सेकंदास 4 मीटर, म्हणजे संवेग 240 असतो. गुडघे ताठ ठेवून तो सेकंदाच्या पन्नासाव्या भागात थांबला, तर 240 भागिले 0.02, म्हणजे 12,000 न्यूटन बल हाडांवर येते; मापास नाव त्यांचेच आहे. गुडघे वाकवून 0.2 सेकंदात थांबला, तर 1,200 च. अंगाचे वजन, सुमारे 600 न्यूटन, दोन्ही वेळा निराळे धरावे. कापसाच्या ढिगावर पडलेला हसत उठतो, तोही ह्याच भागाकारामुळे.

न्यूटन 1727 च्या मार्च महिन्यात वारले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी मंदिरात त्यांस पुरले आहे.